पोटुशी बाई आयसीयूत आली की काय काय बघायचं, नवीन स्टाफसाठी

हे मी आत्ताच आयसीयूला किंवा एचडीयूला (आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवायचा विभाग) लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात असाल नाहीतर खानापूर, चिक्कोडी, निपाणी, अथणीच्या तालुका दवाखान्यात, पोटुशी पेशंट आपल्याकडं रोज येत नाही, त्यामुळं हात बसलेला नसतो आणि आली की सगळ्यांची धांदल उडते. म्हणून आधी वाचून ठेवा. एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, लॅबच्या कागदावर छापलेली नॉर्मल रेंज ही गरोदर नसलेल्या माणसाची आहे. हिचं नॉर्मल वेगळं. ते माहीत नसलं की जी बाई खरंच बिघडत चाललीय तिला आपण "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून बाजूला ठेवतो.

डोस वगैरे मी खाली लिहिलेत ते समजण्यासाठी, द्यायचं ते तुमच्या सिनियरच्या ऑर्डरनं आणि तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणंच.

पायरी १ : किती महिने, आणि पोट कुठवर आलंय

बेडवर घेतल्या घेतल्या पोटावर हात ठेवा. गर्भाशय बेंबीपर्यंत आलं असलं तर साधारण २० आठवडे, आणि तिथून पुढं या लेखातलं जवळजवळ सगळं लागू होतं. तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी तपासणी कार्ड) मागा, बरोबर आलेल्या आशाताईंकडं नाहीतर नातेवाईकांच्या पिशवीत असतंच. आपल्याकडं घरात मराठी, कार्ड कानडीत, रेफरची चिठ्ठी इंग्लिशमध्ये असा प्रकार असतो, तर कानडी वाचणाऱ्या कुणाला तरी शेजारी उभं करून तीन गोष्टी लगेच काढून घ्या: पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी, आधीचं हिमोग्लोबिन आणि रक्तगट. सुरुवातीचं बीपी फार कामाचं असतं, कारण आत्ताचं १३०/८५ हे तिच्या आधीच्या ९५/६० च्या मानानं खूप चढलेलं असू शकतं.

आणि हो, बाळंत झालेली पण याच हिशोबात धरा. बाळ बाहेर आलं म्हणजे शरीर लगेच पूर्वीसारखं होत नाही, त्याला काही आठवडे जातात.

पायरी २ : उताणी झोपवायची नाही

पोट बेंबीच्या वर असलं तर उताणं झोपवल्यावर गर्भाशयाचं सगळं वजन मागच्या मोठ्या शिरेवर आणि महाधमनीवर पडतं, शेतात मोटरच्या पायपावर पाय दिला की पाटाचं पाणी थांबतं तसं हृदयाकडं परत येणारं रक्त अडतं. बीपी पडतं, बाईला घेरी येते, मळमळतं आणि बाळाचाही रक्तपुरवठा कमी होतो. डाव्या कुशीवर वळवा, नाहीतर उजव्या कमरेखाली चादर, उशी, काही नसलं तर घरून आणलेली वाकळ गुंडाळून घाला, १५ ते ३० अंश तरी तिरकी झाली पाहिजे आणि नावापुरता पातळ टॉवेल घालून काही होत नाही. बीपी पडलं की सलाईनचा वेग वाढवायच्या आधी हे बघा, पुष्कळदा नुसतं वळवल्यावर बीपी वर येतं.

ॲम्ब्युलन्समध्ये हे जास्त विसरलं जातं. पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडून खड्ड्यातनं येताना स्ट्रेचरवर पट्टे बांधून सरळ उताणी आणतात, पडायची भीती म्हणून. पट्टे बांधाच, पण कुशीला गुंडाळी ठेवून बांधा. रेफर घेताना फोनवरच समोरच्या स्टाफला हे सांगून टाका.

पायरी ३ : श्वास, आणि फसवणारा एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी)

हा भाग नीट वाचा, सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

प्रोजेस्टेरॉनमुळं गरोदर बाई मुळातच जास्त खोल श्वास घेते, दर श्वासाला आत जाणारी हवा साधारण ४० टक्के वाढते, श्वासाचा वेग मात्र फारसा वाढत नाही. म्हणून रेट २४-२८ दिसला तर "पोटुशी आहे, दम लागणारच" असं म्हणून सोडू नका. थोडा दम सगळ्यांना लागतो, पण बाई बोलताना मधेच थांबत असेल, पाठ टेकून बसू शकत नसेल, रात्री उठून बसत असेल तर ते नेहमीचं नाही.

खोल श्वासामुळं कार्बन डायऑक्साइड बाहेर जास्त जातो, त्यामुळं तिचा नॉर्मल पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) २८ ते ३२ असतो आणि त्याला जुळवून घ्यायला किडनी बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार) १८ ते २१ वर आणून ठेवते. आता समजा दम्याची किंवा न्यूमोनियाची पोटुशी बाई आली, खूप धाप लागलीय आणि एबीजीत पीसीओटू ४० आला. कागदावर तो नॉर्मल रेंजमध्ये, मशीन लाल खूण पण करणार नाही. पण हिच्यासाठी ४० म्हणजे बाई दमून चाललीय, तिच्या छातीचे स्नायू थकलेत आणि थोड्या वेळात श्वासाची ट्यूब लागू शकते. लगेच सिनियरला बोलवा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. बायकार्बोनेट आधीच कमी असल्यानं शुगरवाल्या पेशंटला कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्ल होणं) लवकर होतो आणि साखर फार वाढलेली नसताना सुद्धा होतो, म्हणून उलट्या आणि धाप असलेल्या डायबेटिक पेशंटचे कीटोन बघाच, नुसत्या ग्लुकोमीटरवर जाऊ नका.

सॅच्युरेशन ९५ च्या वर ठेवायचं. इतर पेशंटला ९२ चालतं म्हणून हिला चालवायचं नाही, बाळाला ऑक्सिजन आईच्या रक्तातनंच मिळतो.

दुसरी गोष्ट, पोट वाढलं की छाती-पोटामधला पडदा साधारण ४ सेंटिमीटर वर सरकतो, श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा २० टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि ऑक्सिजनचा खप तेवढाच वाढलेला असतो. म्हणजे शिल्लक कमी, खर्च जास्त. श्वास थांबला की सॅच्युरेशन बघता बघता खाली येतं. पडदा वर असल्यामुळंच छातीत आयसीडी (हवा-पाणी काढायची नळी) टाकायची वेळ आली तर नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वरून टाकतात, नाहीतर नळी पोटात जायची भीती.

पायरी ४ : ट्यूब टाकायची तयारी

अशा पेशंटची ट्यूब अवघड असते हे गृहीत धरूनच ट्रॉली लावा. घसा आणि श्वासनलिकेचा वरचा भाग सुजलेला असतो, प्री-एक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांवर परिणाम होतो तो आजार) तर जास्तच, हात लावला की रक्त येतं, छाती भरलेली असल्यामुळं लॅरिंगोस्कोपची दांडी अडते. ट्यूब लहान ठेवा, ७ आणि ६.५, बाजूला ६ पण. दांडी आखूड मिळाली तर उत्तम, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असला तर तोच आधी. नाकातनं काही घालू नका, फार रक्त येतं. डोकं-खांदे वर उचलून ठेवा, इतके की कान आणि छातीचं हाड एका रेषेत आलं पाहिजे. मास्क घट्ट धरून ऑक्सिजन पूर्ण द्या, घाईत हा वेळ कापू नका.

पोट कधीच रिकामं धरायचं नाही, अन्ननलिकेचा झडपेसारखा भाग ढिला पडलेला असतो आणि जेवून आठ तास झाले असं सासूबाई सांगत असल्या तरी उलटी फुप्फुसात जाऊ शकते. सक्शन चालू करून उशीखाली ठेवायचं, आणि सगळ्यात अनुभवी माणसानं ट्यूब टाकायची. शिकायला हा पेशंट नाही.

व्हेंटिलेटरवर घेतल्यावर पीसीओटू ४० वर आणायच्या मागं लागू नका, ३० ते ३२ च्या आसपास तिचं नॉर्मल आहे हे रात्रपाळीच्या ओव्हरमध्ये (ड्युटी सोपवताना) स्पष्ट सांगा. टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला द्यायची हवा) उंचीवरनं काढायचा, आत्ताच्या वजनावरनं नाही.

पायरी ५ : बीपी चांगलंय म्हणून निवांत बसू नका

गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदय मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलतं, नाडी १० ते २० नं वाढते, आणि रक्तवाहिन्या सैलावल्यामुळं मधल्या महिन्यांत बीपी थोडं खाली असतं. नऊ महिने भरताना गर्भाशयात मिनिटाला ५०० ते ७०० मिली रक्त जातं. हा आकडा लक्षात ठेवा, मग बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर बाई किती पटकन रिकामी होते ते कळेल.

वाढीव रक्तामुळं धडधाकट बाई लिटर-सव्वा लिटर गमावेपर्यंत बीपी धरून ठेवते आणि मग एकदम पडते. म्हणून नाडी बघायची, बीपी एकटं बघायचं नाही. सोपा हिशोब म्हणजे नाडी भागिले वरचं बीपी, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात, ०.९ किंवा वर गेला तर गडबड आहे असं समजून हाक मारायची. नाडी ११० आणि बीपी ११०/७० ही जोडी कागदावर बरी वाटते पण तो १ झाला! बरोबर श्वासाचा रेट, हातपाय गार पडलेत का, लघवी तासाला किती, बाई घाबरी-बेचैन झालीय का हे बघा. "सारखं पाणी मागालीय, अंग गार पडालंय" असं आई-सासू सांगत असली तर ते मनावर घ्या, त्या तिथं तासन् तास बसलेल्या असतात.

रक्त डोळ्यानं मोजू नका, अंदाज नेहमी कमीच निघतो. कपडे-पॅड वजन करा, खाली खुणा असलेली पिशवी लावा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका) सिस्टरांनी केलेल्या बाळंतपणांवर मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकसायच्या औषधाचा एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, १६२० बायका होत्या, आणि त्यात रक्त मोजायला अशीच खुणा असलेली पिशवी वापरली होती. बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडानं दिलेल्यांत जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ वरनं ६.४ टक्क्यांवर आलं. मला याचा अभिमान वाटतो, आणि नवीन पोरींनी हे माहीत करून घ्यावं कारण ते काम एएनएम सिस्टरांच्या हातून झालंय.

रक्तस्राव आवरायला ट्रानेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतनं, दहा मिनिटांत हळू, बाळंतपणापासून ३ तासांच्या आत, जितकं लवकर तितका उपयोग, दर १५ मिनिटांच्या उशिरानं फायदा कमी होत जातो. गर्भाशय आकसायच्या इतर औषधांत बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन नाही, दम्याच्या बाईला कार्बोप्रॉस्ट नाही, हे दोन ट्रॉलीवर चिकटवून ठेवा.

आता आपल्या भागाची अडचण. ऊसतोडीच्या हंगामात फडावरनं येणाऱ्या बायका, घाटाकडच्या वाड्यांतल्या बायका, यांच्यात पुष्कळ जणींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. गरोदरपणात पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानानं कमी, त्यामुळं हिमोग्लोबिन थोडं उतरणं साहजिक आहे, पण ११ च्या खाली गेलं की ॲनिमियाच धरायचा. देशात २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायका ॲनिमियात निघाल्या. ७ हिमोग्लोबिनच्या ४० किलोच्या बाईला अर्धा लिटर सुद्धा झेपत नाही, तिच्यासाठी पुस्तकातला लिटरचा हिशोब विसरा आणि ब्लड बँकेला आधी फोन लावा.

प्री-एक्लॅम्पसियाच्या बाईचं तर वेगळंच, तिच्यात ते वाढीव रक्त तयारच झालेलं नसतं. थोडं गेलं तरी कोसळते आणि भरमसाट सलाईन दिलं तर अल्ब्युमिन कमी असल्यामुळं पाणी फुप्फुसात उतरतं. सलाईन मोजून, आणि प्रत्येक बाटलीनंतर छाती ऐकून.

पायरी ६ : रिपोर्ट वाचताना

क्रिएटिनिन आधी. किडनीतनं गाळणं ५० टक्क्यांपर्यंत वाढलेलं असतं म्हणून हिचं क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ असतं, १.१ आलं तर लॅब गप्प बसेल पण किडनीला मार बसलाय. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) ४०० ते ६०० च्या घरात असतं, म्हणून रक्त जात असलेल्या बाईत २०० चा रिपोर्ट "रेंजमध्ये" दिसला तरी तो धोक्याचा आहे, २०० च्या खाली गेलं की रक्तस्राव आवरणं फार अवघड जातं. पांढऱ्या पेशी १५ हजारापर्यंत असू शकतात, कळांमध्ये २० हजारापुढं पण, त्यामुळं त्या एकट्यावरनं सेप्सिस ठरवता येत नाही आणि नाकारताही येत नाही, ताप, नाडी, श्वास, लॅक्टेट, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास आहे का हे सगळं एकत्र बघायचं, आणि संशय आला की पहिल्या तासात कल्चर घेऊन अँटिबायोटिक. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि डी-डायमर वाढलेलेच असतात.

पावसाळ्यात डेंग्यू. गरोदरपणात हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के) मुळात कमी असतं, म्हणून ३८ बघून "रक्त घट्ट झालेलं नाही" असं म्हणू नका, आधी ३० असलेल्या बाईचं ३८ म्हणजे बरंच वाढलंय. आधीच्या हिमोग्लोबिनचा आकडा तायी कार्डावर सापडतो, त्यावरनं अंदाज येतो, म्हणून ते कार्ड पहिल्याच पायरीत मागायला सांगितलंय.

पायरी ७ : बीपी आणि झटके

वरचं १६० किंवा खालचं ११० झालं, १५ मिनिटांनी परत तेच, तर औषध अर्ध्या ते एका तासाच्या आत गेलं पाहिजे, लॅबेटॅलॉल, हायड्रालॅझिन किंवा निफेडिपिन यातलं काहीतरी. एकदम खाली पाडायचं नाही, बाळाचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवर चालतो.

झटका (एक्लॅम्पसिया) आला तर कुशीवर, तोंड साफ, ऑक्सिजन, मग मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं. ४ ग्रॅम म्हणजे ४ अँप्युल, ८ मिली, त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन घालून २० मिली करायचं आणि शिरेतनं हळू. त्यानंतर ५-५ ग्रॅम दोन्ही कमरेत, आणि दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून. इन्फ्यूजन पंप असला तर तुमच्याकडं शिरेतनं चालू ठेवायची पद्धत असेल. पुढच्या प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघून लिहायच्या: गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय का, श्वासाचा रेट १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला ३० मिली होतेय का. रिफ्लेक्स आधी जातो आणि श्वास नंतर थांबतो, म्हणून हातोडी बेडलाच बांधून ठेवा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्क्यांचं १० मिलीचं अँप्युल पण तिथंच. क्रिएटिनिन वाढलेलं असलं तर मॅग्नेशियम अंगात साठतं, डोसबद्दल सिनियरला विचारल्याशिवाय पुढचं इंजेक्शन भरू नका.

पायरी ८ : एक्सरे आणि औषधांची भीती

छातीच्या एक्सरेत बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन नगण्य असतं. गरज असताना एक्सरे, सीटी अडवून ठेवणं हे बाळासाठी सुद्धा वाईटच. तसंच बीपी धरून ठेवायला नॉरॲड्रेनालिन लागलं तर लागलं. साप चावला, आपल्याकडं ऊसात, भातात चावतोच, तर विषाची लक्षणं दिसल्यावर अँटिव्हेनम इतरांना जेवढं तेवढंच, पोटुशी म्हणून कमी नाही आणि उशीर तर नाहीच.

नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, आईला वाचवणार का बाळाला?" त्यांना शांतपणे खाली बसवून सांगा की आईचा श्वास आणि रक्त सुधारलं की बाळालाच मिळतं, आत्ता आम्ही आईवर जे करतोय ते दोघांसाठी आहे. मराठीत सांगा, कानडी घरचे असतील तर कानडीत सांगणारं माणूस बोलवा, पण फॉर्मवर नुसती सही घेऊन जाऊ नका.

पायरी ९ : हृदय थांबलं तर

कॉम्प्रेशन लगेच, सपाट पाठीवर, कारण तिरक्या अंगावर दाब नीट बसत नाही. त्याऐवजी एकानं दोन्ही हातांनी गर्भाशय डावीकडं ओढून धरायचं, आणि ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. शॉकचे ज्यूल आणि औषधांचे डोस नेहमीचेच. लाईन हातात किंवा मानेत, पायात नाही. मॅग्नेशियम चालू असलं तर बंद करून कॅल्शियम.

पोट बेंबीच्या वर असलं तर पहिल्या मिनिटालाच गायनॅकला हाक, कारण ४ मिनिटांत हृदय परत चालू झालं नाही तर तिथंच बेडवर सिझर करून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढायचं असतं. ऑपरेशन थिएटरात न्यायचं नाही, बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर शोधायचं नाही. हे आईसाठी करतात, पोट रिकामं झालं की रक्त हृदयाकडं परत येतं. क्रॅश ट्रॉलीत ब्लेड, क्लॅम्प आणि बाळाची अँबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) आहे का ते ड्युटीवर आल्या आल्या बघा.

पायरी १० : बाळंतपणानंतरचे तीन दिवस

बाळ आणि वार बाहेर आली की आकसलेल्या गर्भाशयातनं रक्त परत अंगात येतं आणि हृदयावर सगळ्यात जास्त भार त्या वेळी असतो. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन व्हॉल्व्ह आखडलेल्या बायका आपल्याकडं अजून येतात, काहींना तर गरोदरपणातच पहिल्यांदा कळतं. नऊ महिने कसेबसे काढलेले असतात आणि बाळंत झाल्यावर सगळे निवांत झाले की रात्रीत फुप्फुसात पाणी होतं. अशा बाईला पहिले २४ ते ७२ तास वॉर्डात पाठवायची घाई नको, डोकं वर, इनटेक-आऊटपुट दर तासाला, आणि आडवं झाल्यावर खोकला येतो का हे विचारत राहायचं.

एक्लॅम्पसियाचा झटका बाळंतपणानंतर पण येतो, डोकं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय म्हणाली तर "जागरणामुळं" म्हणू नका, बीपी घ्या.

रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते आणि बाळंतपणानंतर ६ आठवडे तरी टिकते, आपल्याकडं बाळंतिणीला खोलीत पडून ठेवायची पद्धत, त्यात भर. घरी सोडताना चालायला सांगा, पाणी भरपूर प्यायला सांगा, आणि एका पोटरीला सूज आली, बहुतेक वेळा डाव्या, किंवा अचानक छातीत दुखून दम लागला तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना, हे बाईला आणि तिच्या आईला दोघींना सांगा. निपाणी भागातली असली तर पुष्कळदा पुढचा दवाखाना कोल्हापूरचा असतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर काय झालं, कुठली औषधं दिली, शेवटचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन किती, हे वाचता येईल अशा अक्षरात लिहा.